हातचा निरोप

९ जून

सोनबेट पाहून आले. एका दुपारीत गाव समजलं, असं म्हणायला हरकत नाही. पुढे गोदावरी, मागे टेकाड, टेकाडावर जिल्हा परिषदेची शाळा. मधे एक नाला आणि त्यावर सिमेंटच्या नळ्या टाकून केलेला बुटका पूल. नव्वद घरं. नदी फुगली की माणसांनी शाळेत जायचं. चालत अकरा मिनिटं, म्हाताऱ्या पायांनी वीस. मग प्रश्न एवढाच उरतो, की पाणी चढतंय हे सगळ्यांना एकाच वेळी कळायला हवं. हा वस्तूचा प्रश्न आहे, आणि वस्तू मला करता येतात.

नऊ वर्षं वाळूजच्या कंपनीत मी वॉशिंग मशीनची दारं डिझाइन केली. दार बंद होताना 'टक्' असा आवाज नेमका कसा यावा, यावर आमची चार महिने डोकेफोड चालली होती. आवाज झकास जमला. पण तेव्हाच मनात आलं, एवढी मेहनत एखाद्या कामाच्या आवाजावर का घालू नये? मार्चमध्ये राजीनामा दिला. आता पुण्याच्या एका संस्थेनं काम दिलंय. पुराची सूचना देणारं यंत्र, आधी एका गावात. जमलं तर गोदाकाठच्या चाळीस गावांत.

गावात रूपा नावाची आशा सेविका भेटली. तिला प्रत्येक घरातलं प्रत्येक दुखणं पाठ आहे. ती राहते नाल्याकाठच्या वस्तीत, मूळ गावापासून हाकेच्या अंतरावर. 'जय भीम' झालं, आडनावं विचारून झाली, चहा झाला. तिची सासू केसरबाई उंबऱ्यात बसून माझ्याकडे बघत होती. मी नदीचा नकाशा काढत होते. म्हणाली, "बाई, पाणी पुढून नाय येत. म्हागून येतं."

"म्हणजे कसं, आजी?"

"कसं म्हणजे? येतं."

नदी पुढे आहे हे नकाशात स्पष्ट दिसतंय. पण म्हाताऱ्या माणसांच्या अशा बोलण्यात एक गोडवा असतो. अहवालाच्या सुरुवातीला टाकायला छान वाक्य आहे.

१८ जून

भोंगा आकाराला आलाय. उभा पाइप, त्यात तरंगता गोळा. पाणी ठरलेल्या खुणेपर्यंत चढलं की गोळा वर येतो, चुंबक कळ लावतं, आणि खांबावरचा भोंगा वाजतो. विजेचं काम हिमांशूचं. वाळूजला तो माझ्या शेजारच्या टेबलावर होता. अजून तिथंच आहे, संध्याकाळी माझ्यासाठी सोल्डरिंग करतो. स्वर मी मुद्दाम तारसप्तकातला निवडला, म्हणजे ट्रॅक्टर, पंप, पाऊस या सगळ्या घरघरीवरून तो कापत जाईल. रंग गडद केशरी. पेटीला कुठंही धारदार कडा नाही.

बाबांना दाखवला. त्यांनी पेटी हातात घेतली, उलटी केली, वेल्डिंगवरून अंगठा फिरवला आणि परत ठेवली. मी विचारलं, "कसा झालाय?" काही बोलले नाहीत. खिडकीबाहेर बघत राहिले.

नोकरी सोडल्यापासून हे असंच चाललंय. मोतीराम खरात, चिकलठाण्याच्या प्रेस शॉपमध्ये पस्तीस वर्षं फिटर. कायम नोकरीची किंमत त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळते, हे मान्य. पण राग आलाय तर बोलावं. असं तोंड फिरवून बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. आई गेल्यापासूनच बदललेत जरा.

४ जुलै

गच्चीवर चाचणी घेतली. टीव्ही सेंटरच्या चौकापर्यंत ऐकू गेला म्हणे. शेजारचे देशमुख काका लुंगीवर धावत आले, खालच्या गल्लीतून कुणीतरी ओरडलं, "क्या हुआ भाई, आग लगी क्या?" मला एवढा आनंद झाला की मी दुसऱ्यांदा वाजवला.

खाली आले तर बाबा शांतपणे पेपर वाचत होते. आमची सगळी एन-अकरा कॉलनी रस्त्यावर आली आणि माझ्या वडिलांनी मान वर केली नाही. मी पण तशीच माझ्या खोलीत गेले. आम्हा दोघांचाही हट्ट सारखाच आहे.

१३ जुलै

आज सोनबेटात सराव. भोंगा घाटाच्या पायऱ्यांजवळ खांबावर बसवला. सकाळी दहाला वाजवला. हातात घड्याळ घेऊन मी शाळेच्या दारात उभी. सतरा मिनिटांत माणसं वर! लेकरं पळत, बाया पदर खोचून, दोन-तीन म्हाताऱ्यांना खाटेवर घालून. गावातले साहेबराव मामा, वजनदार माणूस, माझ्याजवळ येऊन म्हणाले, "मशीन एक नंबर हाय तुमचं, मॅडम." मी मनातल्या मनात चाळीस गावांवर चाळीस खांब रोवले.

मग रूपानं यादी वाचली. एक नाव कमी. साळूबाई. साहेबराव मामांचीच बायको.

आम्ही खाली गेलो. साळूबाई मागच्या पडवीत दाराकडं पाठ करून भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. रूपा वळसा घालून त्यांच्या समोर गेली तेव्हा दचकल्या. गाव रिकामं झालं होतं आणि त्यांना पत्ता नव्हता.

"तिला ऐकायला येत नाय," मामा म्हणाले. "म्या घरात असलो तर आणतोच की."

मी म्हटलं, एक अपवाद आहे, करू काहीतरी. रूपा थांबली. म्हणाली, "ताई, एक नाय. आज बाकीच्यांना पोरांनी ओढून आणलं म्हणून तुम्हाला दिसलं नाय. मी कागद देते." तिनं वहीतून नावं काढून दिली. बावीस. नव्वद घरांत बावीस माणसं. वयानं, मळणीयंत्रानं, कान फुटल्यानं.

बावीस हा आकडा मला परतीच्या जीपमध्ये गंगापूरपर्यंत टोचत राहिला. उपाय आहे. भोंगा आणखी मोठा करायचा.

२१ जुलै

आज लिहायला जड जातंय, पण लिहिते.

दुपारी हिमांशूकडून घरी आले. जिन्यातच जळका वास. कुकरची शिट्टी चालू, थांबायचं नाव नाही. पळत वर गेले. बाबा स्वयंपाकघरातच होते, ओट्यापासून तीन हातांवर, खुर्चीत डोळे मिटून. डाळ कोळसा झालेली आणि शिट्टी कानात घुसत होती. मी गॅस बंद केला. त्यांनी डोळे उघडले ते माझी सावली अंगावर पडली म्हणून. त्यांनी आधी कुकरकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

मी विचारलं, "बाबा, शिट्टी ऐकू नाही आली?"

ते माझ्या ओठांकडे बघत होते. किती दिवस ते माझ्या ओठांकडे बघतायत?

"डोळा लागला गं," म्हणाले. "नाही तर मी बघतच असतो. शिट्टी वर उचलते ना, ती मोजतो."

कुकरची शिट्टी ते डोळ्यांनी मोजतात. मी समोर जाऊन बसले, सावकाश विचारलं, केव्हापासून. म्हणाले, बारीक आवाज रिटायर व्हायच्या आधीच गेले. चिमण्या, दाराची बेल, फोन. तुझ्या आईचा आवाज शेवटपर्यंत कळायचा, तिचा घोगरा होता. तुझा उंच आहे.

"मला सांगितलं का नाही?"

"सांगून काय व्हायचं? पस्तीस वर्षं प्रेसवर काढलेल्या सगळ्यांचेच गेलेत. तू कामात होतीस."

म्हणजे चार जुलैला गच्चीवर भोंगा वाजला तेव्हा हा माणूस रागावलेला नव्हता. अठरा जूनला मी त्यांच्या पाठीमागून विचारलं होतं, भोंगा कसा झालाय. वरच्या नोंदी परत वाचल्या. खोडायचा विचार आला. ठेवते आहे. आवाजाची डिझायनर!

२७ जुलै

कानाच्या डॉक्टरांनी आलेख काढून दिला. खालचे स्वर बरे आहेत, वरचे जवळजवळ संपलेत. मशीन लावलं तर फायदा होईल म्हणाले. बाबा तयार झाले, एका अटीवर, आधी त्यांना सोनबेट दाखवायचं.

मी भोंग्याचा स्वर खाली आणला. साध्या डोक्यानं आधीच सुचायला हवं होतं. पण आता नुसत्या स्वरावर माझा विश्वास नाही. जेवताना बाबांना विचारलं, प्रेस शॉपमध्ये कुणालाच काही ऐकू येत नसेल तर एकमेकांना सावध कसं करायचे? क्रेन डोक्यावरून जाताना?

त्यांनी ताट बाजूला सारलं. असे खुलून ते कित्येक महिन्यांत बोलले नव्हते. "हातानं. लाइनीतला पहिला माणूस दुसऱ्याला सांगणार, दुसरा तिसऱ्याला. पण मागून हात लावायचा नाही कधी. एकानं लावला होता, तर पुढच्याची दोन बोटं प्रेसच्या डायमध्ये गेली. दचकला ना तो. म्हणून आधी समोर यायचं. पंजा दाखवायचा. त्यानं बघितलं की खांद्यावर हात. आणि जोवर तो पुढच्याकडं जायला निघत नाही, तोवर तू हलायचं नाही."

"सगळ्या लाइनीला किती वेळात कळायचं?"

"साठ माणसं. दीड मिनिट."

मी कागद घेतला आणि रात्रीच्या भाकरीच्या ताटाशेजारीच सोनबेटची घरं काढायला लागले.

१० ऑगस्ट

सोनबेटात बैठक, शाळेच्या व्हरांड्यात. बाबा सोबत. मी घरांची साखळी मांडली. प्रत्येक घरानं फक्त पुढच्या एका घराला सांगायचं, बाबांच्या रीतीनं. भोंगा राहील, पण त्याच्या जोडीला हे. बाबांनी करून दाखवलं. लेकरांना तर खेळच मिळाला. केसरबाई म्हणाली, "मेल्यावर खांदा देत्यातच, जित्यापणी खांद्याला हात लागला तर बराच की!" आणि बाया हसून लोळल्या. नाव पण तिनंच दिलं. "भोंगा हा मशीनचा निरोप. हा हातचा निरोप."

अडचण एकच आली. नाल्याकाठची वस्ती सगळ्यात सखल, म्हणून साखळी मी तिथून सुरू केली. वस्तीतलं शेवटचं घर रूपाचं, गावातलं पहिलं साहेबराव मामांचं. मामा म्हणाले, "आमच्या घराला गरज नाय. भोंगा हाय ना? लई भारी हाय तो. हे हात लावालावी कशापायी?" त्यांच्या मागं बसलेल्या तिघाचौघांनी माना हलवल्या. मी समजावलं की यंत्र बिघडू शकतं. माझ्याच यंत्राविरुद्ध मी बोलत होते आणि ते त्याची बाजू घेत होते! शेवटी तोडगा काढला. रूपा गावातल्या पलीकडच्या गल्लीतल्या एका बाईला फोन करेल आणि साखळी तिथून पुढे जाईल. मामांचं घर वगळलं. सगळे खूश.

परतीच्या जीपमध्ये मी बाबांकडे तोंड करून म्हटलं, "यंत्रावर एवढी श्रद्धा असलेला माणूस मी पहिल्यांदा पाहिला."

बाबांनी बाहेरच्या कपाशीकडे बघितलं. मला वाटलं ऐकू आलं नाही. मग म्हणाले, "त्याला भोंगा आवडला असं काही नाही, सुलेखा. त्याला हात आवडला नाही. वस्तीतून आलेला."

मी छत्तीस वर्षांची आहे. मला हे दुसऱ्याने सांगावं लागलं. शहरात वाढले, इंग्रजी शाळेत शिकले, म्हणून दिसत नाही की बघायचंच नसतं, ठरवता येत नाही.

३० ऑगस्ट

दुसरा सराव. अकरा मिनिटांत निरोप फिरला, तेवीस मिनिटांत शेवटचा माणूस शाळेत. उत्तम. फोनचा सांधा पण चालला. अहवालात मी 'स्थानिक परिस्थितीनुसार बदल' असं लिहिलंय.

बाबा म्हणतात, "तुटलेली लाइन ती तुटलेलीच." मी म्हटलं, आपण गाव सुधारायला नाही, पूर आला तर वाचवायला आलोय. मला अजूनही वाटतं की माझं बरोबर आहे.

वस्तीतली माणसं मामांच्या घरावरून गेली तेव्हा साळूबाई दारात उभ्या होत्या. एकेकाकडे बघत होत्या. केसरबाईनं जाता जाता त्यांना पंजा दाखवला. त्यांनीही हळूच दाखवला.

२४ सप्टेंबर

कालचं सगळं क्रमानं लिहिते, नाहीतर उद्यापर्यंत माझंच मन त्याची वेगळी गोष्ट करून टाकेल.

तीन दिवस पाऊस सुरू होता. वरच्या धरणांतून पाणी सोडल्याचा निरोप परवाच गावात आला होता. पाणी संध्याकाळपर्यंत चढेल, असा सगळ्यांचा अंदाज. मी सकाळीच जाऊन पोचले. दहा वाजता घाटावर उभी राहून पाइपातला गोळा तपासत होते. खुणेला अजून दोन हात बाकी. मी समाधानानं नदीकडे बघत होते. तपकिरी, रुंद, वेगवान, पण आपल्या मर्यादेत.

तेवढ्यात रूपा माझ्यासमोर आली. पायऱ्यांवरून घसरत, वळसा घालून, नदी आणि मी यांच्यामध्ये. पंजा दाखवला. खांद्यावर हात ठेवला. तिचा हात थंडगार होता. मला वाटलं सरावाचा खेळ करतेय. मग तिच्या साडीकडे लक्ष गेलं. गुडघ्यापर्यंत भिजलेली, चिखलाची.

"म्हागून, ताई," ती म्हणाली. "नाल्यानं."

नदी फुगल्यावर नाल्याचं पाणी नदीत शिरत नाही, उलटं फिरतं, हे मला नंतर कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. केसरबाईनं जूनमध्येच सांगितलं होतं. मी ते छान वाक्य म्हणून बाजूला ठेवलं होतं. आणि शाळेकडे जायचा बुटका पूल त्याच नाल्यावर. पूल बुडाला की गाव नावाप्रमाणे बेट.

आम्ही धावलो. भोंगा वाजलेलाच नव्हता, पण माणसं निघालेली होती. केसरबाईनं नाल्याचं पाणी वस्तीतल्या हापशाच्या ओट्याला लागलेलं बघितलं आणि कुणालाही न विचारता पहिल्या घरासमोर जाऊन पंजा दाखवला होता. वस्ती रिकामी होत होती. रूपानं फोन लावला होता, पण रेंज नव्हती. म्हणून ती स्वतः पलीकडच्या गल्लीत जाऊन सांगून मग माझ्याकडे आली होती.

"आणि मामांचं घर?" मी विचारलं.

रूपाचा चेहरा बदलला. मामा सकाळीच गंगापूरला गेले होते. साळूबाई एकट्या. यादीत ते घरच नव्हतं. मी काढलं होतं.

मी मामांच्या गल्लीत वळले तर समोरून दोघी येत होत्या. केसरबाई पुढे, साळूबाई मागे, हातात हात. साळूबाईंच्या दुसऱ्या हातात कोंबडी. केसरबाई सत्तरीची, गुडघे गेलेली. वस्तीतली सगळी वर गेली तेव्हा ती उलट्या दिशेनं गावात शिरली होती.

पूल ओलांडताना पाणी घोट्याला लागत होतं. शेवटची माणसं गेली तेव्हा पोटरीला. बाबांनी शिकवल्याप्रमाणे प्रत्येक जण मागच्याला दिसेल असा चालत होता. शाळेत रूपानं यादी वाचली. पूर्ण. तिनं दुसऱ्यांदा वाचली. पूर्ण.

आणि मग, सगळे ओल्या अंगानं व्हरांड्यात बसलेले असताना, खाली भोंगा वाजायला लागला. अगदी स्पष्ट, खणखणीत, बदललेल्या खालच्या स्वरात. यंत्रानं ठरल्याप्रमाणे काम केलं होतं, गोळा खुणेला लागला होता. मी घड्याळ बघितलं. चाळीस मिनिटं उशीर. पुलावर तोवर कमरेइतकं पाणी होतं. रिकाम्या गावात माझा भोंगा वाजत राहिला आणि व्हरांड्यातली लहान पोरं टाळ्या वाजवायला लागली. मी पण वाजवल्या. काय करणार?

२६ सप्टेंबर

अजून शाळेतच. पाणी उतरतंय. भात, पिठलं, ओल्या कपड्यांचा वास. रूपा गोळ्या वाटतेय, कुणाची कुठली ते वहीत न बघता.

परवा संध्याकाळी साहेबराव मामा टेकाडाच्या पलीकडून लांबचा वळसा घालून पोचले. चिखलात न्हालेले. फाटकातूनच ओरडत होते, "साळू! साळू!" आणि तिला ऐकू येत नाही हे माहीत असूनही ओरडत होते. मी त्यांना व्हरांड्याच्या टोकाकडे बोट दाखवलं. तिथं साळूबाई आणि केसरबाई एका सतरंजीवर बसून एका ताटातलं खात होत्या.

मामा थांबले. ताटाकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. खांबाला टेकून खाली बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. केसरबाई उठली, त्यांच्यासाठी पाणी घेऊन आली. तांब्या हातात देत नव्हती, खाली ठेवत होती. सवयीनं. मामांनी तो ठेवू दिला नाही, हातातून घेतला. प्यायले.

मी हे घरी फोनवर बाबांना सांगितलं. कानाच्या नवीन यंत्रानं त्यांना आता फोनवरचं ऐकू येतं, थोडं कुरकुरतं. म्हणाले, "तहान लागली होती त्याला. एवढ्यावरून अंदाज बांधू नको."

८ ऑक्टोबर

अहवाल पाठवला. तीनदा लिहिला. पहिल्यात भोंगा 'अंशतः यशस्वी' होता. दुसऱ्यात 'जागा बदलण्याची गरज'. तिसऱ्यात सरळ लिहिलं. भोंगा चाळीस मिनिटं उशिरा वाजला. माणसं वाचली ती बायकांनी एकमेकींना हातानं सांगितल्यामुळं. साखळीतून एक घर मी वगळलं होतं, ती चूक माझी. त्या घरातलं माणूस वाचलं ते माझ्या आराखड्याबाहेर जाऊन कुणीतरी गेल्यामुळं.

संस्थेच्या श्रेया मॅडमचा फोन आला. "सुलेखा, चाळीस गावांना आम्ही नेमकं काय द्यायचं मग? हाताची डिलिव्हरी कशी करायची?" चिडलेल्या नव्हत्या, खरंच विचारत होत्या. मी म्हटलं, आधी सहा गावं द्या. भोंगा नाल्यावर बसवू, नदीवर नाही, आणि कुठला नाला ते गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून. माणसांना शिकवायला मी जाणार नाही, रूपा जाईल. तिला मानधन माझ्याइतकंच. त्या हसल्या. मग म्हणाल्या, लिहून पाठवा.

लिहून पाठवलं. हिमांशूला सांगितलं तर म्हणतो, तू स्वतःच्या प्रॉडक्टला स्वतःच पाडलंस. मी म्हटलं, नाही, आता कुठं ते तयार झालं. मला एवढी खात्री वॉशिंग मशीनच्या दाराबद्दलही कधी नव्हती.

१९ ऑक्टोबर

सोनबेट. घरांतला गाळ निघालाय. भिंतींवर छातीएवढ्या उंचीवर पाण्याची रेघ राहिलीय. लोकांनी ती चुन्यानं झाकलेली नाही, रूपानं राहू द्यायला सांगितली.

आज शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर साखळी रंगवायची होती. घरांचे चौकोन, त्यात नावं, कुणानंतर कोण ते दाखवणारे बाण. मी शिडीवर, हातात निळा रंग. खाली अर्धं गाव जमलेलं. वस्तीतली नावं लिहून झाली. शेवटचं केसरबाईचं. त्यापुढं मी थांबले. या वेळी मी काही ठरवणार नव्हते. खाली वळून विचारलं, "इथून पुढं कोण?"

साहेबराव मामा लिंबाखाली बसले होते, पायाच्या अंगठ्यानं माती उकरत. म्हणाले, "बघा की, सगळ्यांचं मत घ्या. घाई काय हाय? पुराच्या टायमाचं येगळं असतंय, आन् भिंतीवर लिव्हायचं म्हणजे..." वाक्य त्यांनी तिथंच सोडलं.

साळूबाई गर्दीतून पुढं आल्या. मामा काय म्हणाले ते त्यांना कळलं नव्हतं, निदान कानांनी तरी नाही. शिडीला धरून उभ्या राहिल्या आणि वर माझ्याकडे बघून म्हणाल्या,

"माझं नाव लिव. केसरच्या म्होरं. ह्यांचं नगं, माझं लिव. साळूबाई!"

स्वतःचा आवाज त्यांना ऐकू येत नाही, त्यामुळं त्या नेहमीच ओरडून बोलतात. नदीच्या पात्रात म्हशी धूत असलेल्या माणसानंही मान वर करून टेकाडाकडे पाहिलं.

मी लिहिलं.